सिंकखालच्या गिरणीची खरी हकिकत

या पंधरवड्यात घरात आलेल्या वस्तू: सिंकखालची गिरणी, नवी, एक, किंमत आमच्या चार महिन्यांच्या वीजबिलाइतकी (आकडा मुद्दाम लिहीत नाही, वाचून तुम्ही मटकन खाली बसाल आणि खुर्ची जवळ नसेल). फटी बुजवायची पुट्टी, एक डबी, बिस्किटांच्या मोठ्या पुड्याइतकी. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर एक, घरात तीन असताना. पाठीला चोळायचं मलम, दोन ट्यूबा. सगळ्या खरेदीत ही एकच वस्तू पुरेपूर वसूल झाली.

वन्सं, तुम्हाला नमस्कार. तो वाकून करायचा, पण गुडघे सध्या संपावर आहेत म्हणून बसूनच करते आहे. तुमच्या पायांपर्यंत पोचला असं धरून चाला. तुमची तब्येत कशी आहे? उजव्या कानाने कितपत ऐकू येतं? डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत की जिना चढताना धाप लागते आणि उतरताना राग येतो. धापेचं डॉक्टरांना जरूर सांगा. रागाचं सांगू नका, तो तुम्हाला शोभतो. आम्ही दोघं देवाच्या कृपेने ठीक आहोत (ठीक कशाला म्हणायचं ते पुढे येईलच). एवढं लांबलचक लिहिण्यापेक्षा फोन का केला नाहीस, असं तुम्ही म्हणाल. तर फोन आणि तुमचे बंधू दिवसभर एकाच खोलीत असतात, आणि मला जे सांगायचंय ते त्यांच्यादेखत सांगण्यासारखं नाही. आत्ता ते वाचनालयात गेलेत. तिथे ते एक वर्तमानपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतात, मग दुसरं घेऊन पहिल्याच्या चुका शोधतात. म्हणजे मला दीड तास आहे.

गिरणी म्हणजे पीठ दळायची नव्हे, हे तुम्हाला सांगायला नको, कारण नाव तुम्हीच ठेवलंत. सिंकच्या भोकाखाली कपाटात लटकणारं ते मडक्याएवढं यंत्र, बटण दाबलं की सालं आणि खरकटं भरडून पाण्याबरोबर सोडून देणारं. बावीस वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा बसवलं तेव्हा तुम्ही आठवडाभर आमच्याकडे होतात, आणि दुसऱ्याच सकाळी सालांच्या जोडीला चहाचा चमचाही त्याला खाऊ घातलात. असा काही आवाज उठला की हे अंगाला साबण तसाच ठेवून न्हाणीघरातून धावत आले. तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात, "गिरणी दळतेय, त्यात घाबरायचं काय!" तो चमचा अजून आहे. त्याला करवतीसारखे दात आलेत, बटाट्याची सालं त्याने फार छान निघतात.

आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू, त्या गिरणीला मी बावीस वर्षांत फारसं काही खायला घातलंच नाही. सालं कुंड्यांना जातात, भाज्यांचे देठ उकळून त्यांचं सूप होतं, आणि खरकटं आमच्याकडे उरत नाही, कारण मी वाढतानाच अंदाजाने वाढते (तुमचे बंधू त्याला कंजुषी म्हणतात, पण वजन त्यांचंच वाढतं). दर गुरुवारी देवाचं आटोपलं की मिनिटभर नुसत्या पाण्यावर फिरवायची, गंजू नये म्हणून, एवढाच तिचा माझा संबंध. तरीही दोन महिन्यांपूर्वी ती बुडातून गळायला लागली. न खाताच तिचं पोट बिघडलं. खाली पातेलं ठेवलं, पातेलं भरलं की कुंड्यांना घातलं, असं सहा आठवडे चालवलं. मग कपाटाची फळी फुगली आणि नळकामवाल्याला बोलवावं लागलं.

नळकामवाला म्हणजे कानावर पेन्सिल आणि दर वाक्याआधी एक उसासा. कपाटात डोकं घालून म्हणाला, "आजी, ही गेली." (बासष्टाव्या वर्षी आजी! आम्हाला नातू आहे हे खरं, पण त्याला कुठे माहीत होतं?) नवी आणा म्हणाला, आणि बसवण्याची मजुरी सांगितली ती जवळजवळ गिरणीच्याच भावात. मी म्हटलं, "इतक्या पैशांत तर तुम्ही इथे राहायलासुद्धा यावं." तेवढ्यात तुमचे बंधू वाकले आणि बुडाचा स्क्रू चाचपायला त्यांनी हात पुढे केला. नळकामवाल्याने तो हात पाहिला. तो मऊ आवाजात म्हणाला, "आजोबा, तुम्ही खुर्चीवर बसा. हात नका लावू."

दोन वर्षांत तुमची त्यांची गाठ नाही, म्हणून हे लिहायला हवं. त्यांचे हात आता थरथरतात. उजवा जास्त. डॉक्टर म्हणतात जिवाला काही धोका नाही, वय आहे, गोळी चालू ठेवा. जिवाला धोका नाही हे खरं. पण छत्तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात चारशे शिवणयंत्रं ज्याने चालती ठेवली त्या माणसाचा जीव हातातच असतो, हे डॉक्टरांना कोण सांगणार? मी या घरात नवी होते तेव्हा सुईत दोरा ओवायला मला डोळे किलकिले करून, दोरा चावून, जीभ बाहेर काढून पाच मिनिटं लागायची. हे मागून यायचे, माझ्या खांद्यावरून हात पुढे घ्यायचे आणि बोलता बोलता, न बघता दोरा ओवायचे. तेव्हा मला वाटायचं, हा मुद्दाम तोरा दाखवायला येतो. (तसंच होतं. ओवून झाला तरी हात लगेच काढायचे नाहीत.) आता सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं मी लावते आणि लावून होईपर्यंत दोघंही खिडकीबाहेर बघतो. अकरा महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतःच हत्यारांची पेटी कपाटाच्या माथ्यावर चढवून ठेवली आणि त्यावर जुनी चादर टाकली.

नळकामवाला येऊन गेला त्याच दिवशी मुलाचा फोन आला. मुलगा गुणी आहे, तुमच्या भाच्याबद्दल माझी तक्रार नाही. तो काळजीनेच म्हणाला, "बाबा, कशाला ही यातायात? घर विका आणि इकडे या. तुमची खोली तयार आहे." (खोली मी बघितली आहे. हवेशीर आहे, पडदे छान आहेत. तिला सिंक नाही.) एरवी हे "बघू" म्हणून विषय संपवतात. त्या दिवशी मात्र म्हणाले, "ही गिरणी मी बसवतो. नाही बसवता आली तर येतो आम्ही." फोन ठेवला आणि स्वतःच्या हातांकडे बघत बसले. मी विचारलं, "आम्ही म्हणजे कोण कोण?" तर म्हणाले, "तू मागे राहणार आहेस का?" असं आमचं घर त्या गिरणीवर पैजेला लागलं.

पेटी माथ्यावरून मी उतरवली. चादर झटकली. ठरलं असं की डोकं त्यांचं आणि हात माझे. त्यांनी सिंकसमोर खुर्ची टाकली, मेन स्विच बंद केला, तीन वेळा तपासला, आणि मला उताणं होऊन कपाटात शिरायला सांगितलं. वन्सं, बासष्ट वर्षांच्या बाईने सिंकखालच्या कपाटात शिरायचं म्हणजे आधी कुठला भाग आत घालायचा इथूनच वाद. ते म्हणाले डोकं. मी म्हटलं डोकं तुमचं वापरायचं ठरलंय. शेवटी डोकं माझंच आत गेलं, आणि पहिलाच वाकडा पाइप सोडवला तेव्हा त्यात साठलेलं पाणी तोंडावर आलं. त्याची चव सांगत नाही, तुम्ही उपासाच्या दिवशी पत्र वाचत असाल. मी मनात जप चालू ठेवला होता, पण हे बाहेरून सांगायचे, "चार आटे सोडव, पाचव्याला थांब," आणि मला कळेना की मी आटे मोजतेय की नाम. एकदा सोळा आटे सोडवले. देवाचं नाव तेवढ्या वेळा झालं असेल तर बरं.

आत अंधार होता. मी म्हटलं, "उजेड धरा." त्यांनी बॅटरी धरली, आणि कपाटभर उजेड थरथरायला लागला. पाइप थरथरतोय, स्क्रू थरथरतोय, माझी बोटं थरथरताहेत. क्षणभर मला वाटलं भूकंप झाला. मग कळलं. त्यांनी दोन्ही हातांनी बॅटरी धरली, तरी तेच. मी थरथरत्या उजेडात स्क्रू शोधायला शिकले. तो डावीकडून उजवीकडे जाताना मधे एकदा सापडतो, तेव्हा पकडायचा.

आणि त्याच उजेडात मला मागच्या फळीवर पेन्सिलची रेघ दिसली. बावीस वर्षांपूर्वीची, त्यांच्या हातची. पाइप कुठून न्यायचा त्याची खूण. पट्टी न लावता ओढलेली रेघ, पण मी माझ्या वहीत पट्टी लावून जमाखर्चाचे रकाने आखते तेही इतके सरळ येत नाहीत. त्या दिवसाचं सगळं आठवलं. तेव्हा आत ते होते आणि बाहेर बॅटरी घेऊन मी. मला फक्त त्यांचे पाय दिसायचे, एका मोज्याला भोक, त्यातून अंगठा बाहेर, आणि आतून हुकूम यायचे. "उजेड!" "इकडे उजेड!" "अगं, माझ्या हातावर धर, तोंडावर काय धरतेस?" मी मुद्दाम तोंडावर धरायची. काम करताना ते जीभ गालात दाबून एका डोळ्याने बघायचे, ते मला फार आवडायचं, पण नवऱ्याला असं सांगायची तेव्हा पद्धत नव्हती. तुम्ही दाराशी उभ्या राहून म्हणालात, "वेळ लागणार असेल तर मी भात लावते," आणि आतून उत्तर आलं, "ताई, भात होईपर्यंत गिरणी चालू." आणि खरंच चालू झाली. भात मात्र करपला, कारण तो सोडून तुम्हीही कपाटात डोकावत बसला होतात.

मी आतून म्हटलं, "इथे तुमची रेघ आहे."

"कुठली?"

"पाइपाची. सरळ."

उजेड रेघेवरून बाजूला सरकला. मग ते म्हणाले, "पुढचा स्क्रू घे." मी मान वळवून पाहिलं तर बॅटरी माझ्या तोंडावर. मी म्हटलं, "अहो, हातावर धरा, तोंडावर काय बघताय?" तेव्हा ते हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू.

जुनी गिरणी एकदाची सुटली आणि थेट माझ्या पोटावर आली. सात महिन्यांच्या बाळाएवढं वजन. मी तिला मिठी मारून बाहेर सरकले, तर हे हात पुढे करून म्हणतात कसे, "मान सांभाळ." सवयीने तोंडातून गेलं असणार. वर्तमानपत्रावर ठेवून दोघांनी तिला बराच वेळ न्याहाळलं. (टाकली नाही. धुऊन गच्चीत ठेवली आहे. कुंडी होईल.)

नवी गिरणी खोक्यातून काढली तेव्हा मी ती आधी देवापुढे नेऊन ठेवली आणि हात जोडले. यात माझं काही चुकलं असं मला अजून वाटत नाही. पण पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली. त्याचं असं आहे की गिरणीच्या कुशीत बोटाएवढी एक नळी असते. सूनबाईने दिलेलं भांडी धुण्याचं यंत्र आठवतं ना? (ते मी फक्त रविवारी चालवते, तेही भांडी आधी नीट घासून घेतल्यावर, नाहीतर यंत्र घाण होतं.) त्या यंत्राचं पाणी या नळीतून गिरणीत यायचं असतं. पण नव्या गिरणीत या नळीला आतून झाकण असतं, एकसंध, गिरणीच्याच अंगाचं. ज्याच्याकडे भांड्यांचं यंत्र असेल त्याने ते हातोडीने फोडून काढायचं. हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. वर टांगण्याआधीच त्यांनी सांगितलं, "आधी कुशीतलं झाकण उडव. स्क्रूड्रायव्हर आत घाल आणि हातोडीचा एक दणका दे." आणि ते मेन स्विच चौथ्यांदा तपासायला गेले.

मी हातोडी उचलली. वन्सं, चार महिन्यांच्या वीजबिलाएवढी वस्तू, अजून तिच्यावर पाण्याचा थेंब पडलेला नाही, घटकाभरापूर्वी जिला हात जोडले, तिच्या कुशीत घाव घालायचा? मी तुम्हाला सांगते, आपल्या घरात नवी चादर सुद्धा सहा महिने कपाटात ठेवून मग अंथरतात. माझ्याच्याने होईना. मनात म्हटलं, बनवणाऱ्याने झाकण बसवलंय ते काही विचार करूनच बसवलं असेल, माझ्यापेक्षा शहाणाच असेल तो. मी स्क्रूड्रायव्हर फरशीवर एकदा आपटून आवाज काढला. त्यांनी विचारलं, "उडालं?" मी म्हटलं, "हो."

पुढचं काम मात्र असं झालं की तुम्ही बघायला हवं होतं. सिंकच्या भोकाच्या कडेला लावायला पुट्टीची दोरी वळायची होती. तिथे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, कणीक मळण्यात जन्म गेला. ते म्हणाले, "जाड होतेय." मी म्हटलं, "तुम्ही उजेडाचं बघा." गिरणी वर उचलून धरायची तर खाली आधार हवा. पाट ठेवला, त्यावर उपडं पातेलं, त्यावर मुलाचा शाळेतला शब्दकोश, आणि तरी बोटभर कमी पडलं, तिथे त्यांनी अचूक अंदाजाने सांगितलं, "पातेल्याखाली ताटली घाल." उंची तंतोतंत जमली. मी गिरणीच्या गळ्यातलं कडं फिरवलं, त्याचे तीन कान सिंकखालच्या तीन खाचांत गेले आणि टक असा आवाज आला. खुर्चीवरून, न बघता, ते म्हणाले, "बसली." चारशे शिवणयंत्रं ऐकलेले कान होते ते. पाणी सोडलं, बटण दाबलं. एक थेंब गळला नाही. त्यांनी स्वतः मुलाला फोन लावला आणि म्हणाले, "बसवली." कुणी बसवली ते त्यांनीही सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. त्या रात्री ते पोटभर जेवले आणि पेटी माथ्यावर गेली नाही.

रविवारी मी भांडी घासून भांड्यांच्या यंत्रात लावली आणि पोथी वाचायला बसले. दुसऱ्या पानावर माझा पाय ओला झाला. बघते तर स्वयंपाकघरात घोटाभर पाणी, वर साबणाचा फेस, आणि त्यावर माझी चप्पल तरंगत पुढच्या खोलीकडे निघालेली. पाण्याला गिरणीत शिरायला वाट नव्हती, मग ते मिळेल तिकडून आलं. हे दारात उभे. पायजमा वर धरलेला. त्यांनी गिरणीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि मग जे म्हणाले ते मी तुम्हाला जसंच्या तसं लिहिते. म्हणाले, "हात गेले तेव्हा म्हटलं डोकं तरी आहे. आता तेही गेलं. काहीतरी विसरलो मी. त्याला फोन लाव, येतो म्हणावं." आणि त्या पाण्यात बसकण मारून हत्यारं एकेक पुसून पेटीत भरायला लागले.

मी फरशी पुसायला घेतली आणि पुसता पुसता लबाडीचा विचार केला, कबूल करते. हे वाचनालयात गेले की नळकामवाल्याला बोलवावं, आजी म्हणाला तरी ऐकून घ्यावं, झाकण काढून घ्यावं, आणि देवाची कृपा म्हणून सांगून टाकावं. कुणाला काही कळलं नसतं. पण मग हे आयुष्यभर समजत राहणार की आपलं डोकं गेलंय, आणि मी ते खोटं पोटात ठेवून रोज देवापुढे दिवा लावून बसणार. मी उठत नाही असं पाहून फोन त्यांनीच हातात घेतला होता, मुलाचा नंबर लागायच्या बेतात होता. मी म्हटलं, "ठेवा तो फोन. डोकं तुमचं जागेवर आहे. हात खोटं बोलले. झाकण मी उडवलंच नाही."

वन्सं, मग जी काही बोलणी बसली! पायजमा ओला, चेहरा लाल, पण आवाज कसा, कारखान्यातल्यासारखा. "अगं, ते फोडण्यासाठीच असतं! अंड्याचं कवच शाबूत ठेवून आम्लेट करतेस का तू? मशीनला हात जोडणारी बाई! उद्या नवी काडेपेटी आणलीस तर काड्या जपून ठेवून अंधारात बसशील!" दहा मिनिटं. मधे दम घ्यायला थांबले, आणि पुन्हा. मी फडकं पिळत होते आणि मनात म्हणत होते, बोला, अजून बोला. अकरा महिन्यांत त्यांनी मला इतकं मनापासून काही म्हटलं नव्हतं.

गिरणी पुन्हा खाली उतरवली. आमच्या दोघांच्या मधे, वर्तमानपत्रावर. मी स्क्रूड्रायव्हर नळीत घालून हातोडी मारली, तीन वेळा. तिन्ही वेळा मारण्याआधी डोळे मिटले आणि हात आपोआप हळू पडला. झाकण ढिम्म. मग त्यांनी हातोडी माझ्या हातून घेतली. म्हणाले, "स्क्रूड्रायव्हर तू धर." एकट्याने होण्यासारखं नव्हतं, एका हाताने धरायचा आणि दुसऱ्याने मारायचं तर त्यांचे दोन्ही हात थरथरतात. मी धरला. त्यांनी हातोडी वर उचलली, आणि ती माझ्या बोटांवर अशी डुलायला लागली की कुठे येईल ते तिलाही माहीत नसावं. ते म्हणाले, "काढ तुझा हात. लागेल." मी म्हटलं, "मारा." पहिला घाव माझ्या अंगठ्यावर आला. माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं, पण भक्तीने निघालं असं म्हणता येणार नाही. त्यांनी हातोडी टाकून दिली. चेहरा पांढरा फटक. मी अंगठा पदरात गुंडाळला, दुसऱ्या हाताने स्क्रूड्रायव्हर धरला, आणि म्हटलं, "एक घाव वाया गेला. दुसरा वाया घालवू नका." या खेपेला मी डोळे मिटले नाहीत, म्हणून एक गोष्ट दिसली. वर धरलेला हात थरथरतो, पण खाली येताना थरथरत नाही. सरळ येतो. त्या रेघेसारखा. एकच आवाज झाला आणि झाकण आत पडून खुळखुळलं. मी चिमट्याने काढलं. (पत्रातलं अक्षर असं का आलंय ते आता कळलं असेल. नख निळं झालंय, पण गेलेलं नाही.)

दुसऱ्यांदा बसवायला वीस मिनिटं लागली. मग भांड्यांचं यंत्र लावलं आणि कपाटाची दारं उघडी टाकून दोघंही समोर जमिनीवर बसलो, मधे बॅटरी, हातात चहा. यंत्र तासभर चालतं. तासभर एका नळीकडे बघत बसलो, आणि वन्सं, लग्नानंतर इतका वेळ आम्ही शेजारी शेजारी काही न करता बसल्याचं मला तरी आठवत नाही. ते कारखान्यातल्या गोष्टी सांगत होते, ज्या मी अनेकदा ऐकल्या आहेत. पाण्याचा एक थेंब आला नाही.

जिन्यात पावलं वाजतील इतक्यात. लहानांना आशीर्वाद सांगा, जिना हळू चढा, आणि आमच्यावर लोभ आहे तसा राहू द्या. थोरल्यांना आणखी काय लिहावं.

तुमची भावजय

ता. क. पैज जिंकली तरी धोका टळलेला नाही. मुलाने तुम्हाला पत्र घातलंय हे मला सूनबाईने सांगितलं. "आत्या, तुम्ही बाबांना समजवा, तुमचं ते ऐकतील," असं त्याने लिहिलंय, आणि ते खरं आहे. आईवडील गेल्यावर आठ वर्षांच्या भावाला तुम्ही वाढवलंत, तुमचा शब्द त्यांनी कधी मोडलेला नाही. तुम्ही "जा" असं एका ओळीत लिहिलंत तर ते पेटी उचलून निघतील. म्हणून ही सगळी हकिकत आधी तुमच्या कानावर घातली.

पुन्हा ता. क. वरचं मी त्यांच्यासाठी म्हणून लिहिलं आहे, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्यावं असाच माझा विचार होता, पण देवासमोर बसून लिहिते आहे. मलाच जायचं नाही, वन्सं. त्या खोलीत ते खुर्चीवर बसतील, कुणीतरी त्यांना "हात नका लावू" म्हणेल, आणि ते लावणार नाहीत.

शेवटचं ता. क. तर विनंती एवढीच: जाण्याबद्दल काही लिहू नका. त्यांच्या नावाने वेगळं पत्र घाला आणि लिहा की तुमच्या मोरीतला नळ गळतोय, काय करू? नळाची जाडी, थेंब किती वेळाने पडतो, आवाज कसा येतो, सगळं सविस्तर लिहा. ते सांगतील, मी लिहून घेईन. आणि पाहणी केल्याशिवाय राहवलं नाही तर आम्ही पेटी घेऊन दोन दिवस तुमच्याकडे येऊ. तुमचा नळ गळत नसेल याची मला कल्पना आहे. पण खोटं लिहायला मी सांगणार नाही, एकदा बोलले त्याचं फळ घोटाभर पाण्यात पाहिलं. तेव्हा पत्र लिहिण्याआधी नळाचा नट पाव आटा सैल करा, म्हणजे तो खराच गळेल. खाली बादली ठेवा, पाणी कुंड्यांना घाला, आणि उलट टपाली कळवा.